दोरखंडाच्या कारखान्यापाशी डावीकडे

३ डिसेंबर

शेपट्या,

"प्रिय" लिहायचं राहिलेलं नाही, मुद्दाम गाळलंय. सात वर्षं ज्याने साधी खुशाली कळवली नाही, त्याला प्रिय म्हणायला माझी जीभ वळत नाही आणि हातही वळत नाही. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? काम आहे म्हणून लिहितेय. तुझा फोन लागत नाही, आणि पत्ता बाबा गेले तेव्हा तू आईच्या हातात कोंबून गेलास तोच आहे.

काम असं. आपली इमारत पाडणार. जानेवारी संपला की तीही संपली. आजूबाजूचं सगळं केव्हाच गेलंय, दाढ काढून नेल्यावर उरलेल्या सुळ्यासारखे आपण एकटे उभे आहोत. (कवळ्या करणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार!) खालचे, वरचे, समोरचे, सगळे गेले. आईला नवी जागा मिळाली आहे. सातवा मजला, लिफ्ट, नळाला चोवीस तास पाणी. किल्ल्या माझ्या पर्समध्ये खुळखुळताहेत. पण बाई हलायला तयार नाही. मी दिवसभर बोचकी बांधते, ती संध्याकाळी एकेक सोडून भांडी परत फळीवर लावते.

का? तर म्हणे, "तो आला म्हणजे?"

मी म्हटलं, "आई, तो येणार नाही. जाताना स्वतःच्या तोंडाने सांगून गेलाय, समज मला या घराचा रस्ताच माहीत नाही."

"तेच तर म्हणते मी. रस्ता माहीत नाही, त्यात घरही पाडलं, तर पोराने शोधायचं तरी काय?"

आता या बाईशी वाद घाल! बांधकामवाला तरुण आहे, नम्र आहे, दर आठवड्याला येऊन आईच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिलाय. आई त्याला चहा देते आणि सांगते, "मुलगा येऊ दे, मग बघू."

म्हणून सांगते, एकदा ये. माझ्याशी बोलू नकोस, मीही बोलणार नाही. आईचा हात धर, तिला सातव्या मजल्यावर पोहोचव आणि मग जा कुठे जायचं तिथे.

आणि रस्त्याचं निमित्त नको म्हणून रस्ताही लिहिते. मी परत पळायला लागलेय, रोज पहाटे, बाबांना डबा द्यायला आपण पळायचो तोच पल्ला. घर ते धक्क्याच्या टोकाला, धुक्यात बोटींसाठी बाबा भोंगा वाजवायचे ती खोली, आणि परत. फक्त तो पल्ला आता ओळखायला येत नाही. समुद्र भर घालून लांब ढकललाय. बर्फाच्या कारखान्याच्या जागी काचेची व्यायामशाळा आहे, आत लोक एका जागी पळतात आणि बाहेर पळणाऱ्या माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. दोरखंडाचा कारखाना जाऊन तिथे हॉटेल झालंय. त्याच्या शेजारची आपली गल्ली नाहीच. शाळेच्या मागच्या मैदानावर गाड्या लावतात. तेव्हा तू असं कर, हॉटेल आलं की उजवीकडचा नवा रुंद रस्ता धर, तो मोठा वळसा घालून थेट घरामागे आणून सोडतो. लक्षात ठेव. पूर्वीसारखं डावीकडे वळू नकोस.

— ताई

१५ डिसेंबर

शेपट्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज खाली पत्रांच्या पेटीत हात घालून बघते. कोळ्याची जाळी हाताला लागते तेवढीच.

हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. हसू नकोस.

परवापासून धुकं पडतंय. आपल्या वेळचं, हात लांब केला तर बोटं दिसेनात असं. भोंगा तर बंद होऊन जमाना झाला, त्यामुळे धुक्यात आता नुसती शांतता असते. ती मला सहन होत नाही. आज परतताना बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर, म्हणजे त्या व्यायामशाळेपाशी, माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "कुठवर?"

सवय! बाबांनी हाडात घातलेली. धुक्यात डोळे कामाचे नाहीत, आवाज धरा. पुढच्याने प्रत्येक वळणावर विचारायचं, "कुठवर?" मागच्याने सांगायचं, "मागेच!" आणि पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, कारण धुक्यात मान वळली की दिशा फिरते आणि दोघंही हरवतात. मी इंजिन, तू शेपूट. एवढ्या वर्षांत कधी तू पुढे पळालास?

तर मी ओरडले आणि स्वतःवरच हसले. आणि मागून आवाज आला, "मागेच."

शेपट्या, मी वळून बघितलं नाही, पळतच राहिले. घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होते की काचेच्या भिंती आहेत, आवाज आपटून परत आला असेल. पण आपटून परत येणारा आवाज आपण बोललो तेच बोलतो ना? मी "कुठवर" म्हटलं होतं.

आईला सांगितलं नाही. तुला सांगतेय, कारण तू उत्तर देत नाहीस. भिंतीशी बोलल्यासारखं आहे, बरं वाटतं.

— ताई

२७ डिसेंबर

शेपट्या,

मी भित्री नाही हे तुला माहीत आहे. लोकांच्या तोंडात हात घालून पोट भरणाऱ्या बाईला भीती परवडत नाही. म्हणून रोज गेले, रोज विचारलं.

रोज उत्तर येतं. लहान पोराचा आवाज नाही, मोठ्या माणसाचा आहे, घोगरा आणि खूप चालून दमलेला. धक्क्याच्या टोकाला, जिथे बाबांच्या खोलीला आता कुलूप आहे आणि पर्यटक फोटो काढतात, तिथून निघाले की पहिल्या वळणावर, "मागेच." बर्फाच्या कारखान्यापाशी, "मागेच." पावलंही ऐकू येतात, उजवं पाऊल किंचित घासत पडतं. तुझंही तसंच पडायचं, शिडीवरून पडल्यापासून.

आणि मग हॉटेल येतं. मी उजवीकडच्या रुंद रस्त्याला लागते, ओरडते, "कुठवर?" तेव्हा आवाज मागून येत नाही, शेपट्या. डावीकडून येतो. भिंतीच्या आतून. तोंडावर उशी धरल्यासारखा, "मागेच… मागेच…" आणि मग लांब लांब जात बंद होतो.

आज त्या हॉटेलच्या रखवालदाराने मला अडवलं. मिशा पांढऱ्या, स्वेटरवर स्वेटर. म्हणाला, "बाई, रोज कुणाला हाका मारता?"

मी म्हटलं, "कुत्र्याला." (माफ कर.)

तो हसला नाही. म्हणाला, "खालच्या मजल्यावरचे पाहुणे तक्रार करतात. पहाटे कुणीतरी आत पळतं. समोरच्या दारापासून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत येतं आणि तिथल्या भिंतीपाशी थांबतं. कॅमेऱ्यात काही दिसत नाही. मला वाटलं कान वाजताहेत. पण तुम्ही हाक मारलीत की ते थांबतं, असं दोनदा ऐकलं मी."

समोरचं दार ते मागचं स्वयंपाकघर. मी मनात रेघ ओढून बघितली. ती आपली गल्ली आहे रे.

तू बरा आहेस ना? एवढंच कळव. भांडण राहू दे बाजूला. नुसतं कोऱ्या कार्डावर "आहे" एवढं लिही.

— ताई

७ जानेवारी

शेपट्या,

हे पत्र कुठे टाकू, मला माहीत नाही.

काल तुझ्या घरमालकिणीचा फोन आला. माझी पत्रं तिच्याकडे साठली होती, शेवटी तिने पाकिटामागे लिहिलेला माझा नंबर फिरवला. चांगली बाई वाटली, पण घसा फार मोठा. म्हणाली, "अहो, ते तर पाऊस संपतानाच खोली सोडून गेले. एकच बॅग होती. मला किल्ली काढून दाखवली, म्हणाले, घरी चाललोय, किल्ली अजून लागते का बघतो. पोहोचले नाहीत का?"

पोहोचले नाहीत का!

फोन ठेवून बाकावर बसले. समोर साच्यात कुणाचे तरी दात होते, ते सारखे माझ्याकडे बघून हसत होते, त्यांना फडक्याने झाकलं. मग पोलीस, इस्पितळं, बसवाले, सगळीकडे विचारून झालं. कुणाकडे नोंद नाही. पाऊस संपताना म्हणजे केव्हा? आजूबाजूच्या इमारती पाडल्या ते दिवस. गल्लीच्या जागी हॉटेल उघडलं ते दिवस. तू उतरलास, बॅग घेतलीस, आणि समोर ओळखीचं काहीच नाही. आणि विचारलं नसणार कुणाला. तुझ्या नाकाला विचारायला लागलं की मिरच्या झोंबतात. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तो कारखाना उगाच नव्हता आपल्या वाटेवर.

रडले, शेपट्या. खूप रडले. सात वर्षं तुझ्यावरचा राग जपून ठेवला होता, तो एका फोनमध्ये कुठे गेला कळलं नाही.

आईला सांगायला धीर झाला नाही, पण तिला लपवून कधी काही टिकलंय? तिने माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "निघाला का तो?"

मी म्हटलं, "हो. केव्हाचाच."

तर ती उठली, आणि तुझ्या गादीला ऊन दाखवायला गॅलरीत घेऊन गेली.

— ताई

२० जानेवारी

शेपट्या,

टपालात टाकत नाही आता. टेबलावर ठेवते, तुझ्या जागेसमोर. आई त्यावर पेपरवेट ठेवते.

इमारतीची वीज काल तोडली. बांधकामवाल्याने आईपुढे हात जोडले. "आजी, एकतीसला मशीन येणार. माझ्या हातात नाही हो." आई म्हणाली, "तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. त्याच्या पायात आहे."

आणि मी रोज हरतेय. धुक्यात रोज तुला धक्क्यावरून आणते, अगदी हॉटेलपर्यंत आणते आणि तिथे तू हातातून निसटतोस. थांबून बघितलं. हळू पळून बघितलं. "उजवीकडे! उजवीकडे वळ!" म्हणून घसा फोडला, तर वरून एका पाहुण्याने खिडकी उघडून शिवी घातली. तू डावीकडेच जातोस, भिंतीत. आणि एकतीस तारखेनंतर मी तुला आणू तरी कुठे? पाडलेल्या ढिगाऱ्यावर? मग तू कायमचाच त्या पाहुण्यांच्या दारांवरून पळत राहशील.

शेवटी आज आईला सगळं सांगून टाकलं. मेणबत्ती होती, तिचा चेहरा अर्धाच दिसत होता. वाटलं, आता छाती धरून बसेल. तर कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं इंजिना! नव्या रस्त्याने कशाला नेतेस त्याला? त्याला आपली जुनीच वाट ठाऊक नाही का? बाबांनी काय शिकवलं होतं?"

"दोरखंडाच्या कारखान्यापाशी डावीकडे. वेग कमी करायचा नाही," मी म्हटलं.

"मग? चूक तो करतोय की तू?"

उजवीकडे वळून पुढचं इंजिनच वाट सोडत होतं रे. मागच्याने बिचाऱ्याने काय करायचं!

पण डावीकडे हॉटेल आहे. मग गाड्यांचं आवार, त्याची भिंत, पुढे पत्रे मारलेली बांधकामाची जागा. मी बावन्न वर्षांची बाई आहे, गुडघ्यात वंगण नाही. आई म्हणाली, "भिंत लहानपणी नव्हतीस का चढत? शाळेची?" तिने माळ्यावरून बाबांचा तोंडाने वाजवायचा पितळी भोंगा काढायला लावला आणि राखेने घासत बसली.

उद्या रखवालदाराशी बोलते.

— ताई

३० जानेवारी

शेपट्या,

स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. अक्षर लावून घे.

मागच्या पत्रापासून धुकंच नव्हतं. मी देवाला नाही नाही ते बोलले. आज पहाटे खिडकी उघडली तर समोर पांढरं, नुसतं पांढरं. आई म्हणाली, "जा." तिने शाल गुंडाळली, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि भोंगा मांडीवर घेतला.

धक्क्याच्या टोकाला बाबांच्या खोलीच्या कुलपाला हात लावला. "चल रे," म्हटलं आणि निघाले. पहिल्या वळणावर विचारलं, "कुठवर?"

"मागेच."

एवढा जवळून कधीच आला नव्हता. मानेवर गार वारा लागला. वळून बघायची अशी ओढ झाली की दातांवर दात दाबून धरले. बर्फाच्या कारखान्यापाशी विचारलं. "मागेच." उजवं पाऊल घासत होतं. मग हॉटेलचे दिवे धुक्यात पिवळे दिसायला लागले, आणि मी वेग कमी केला नाही, शेपट्या. डावीकडे वळले.

रखवालदाराने समोरचं दार सताड उघडून धरलं होतं. मी आत शिरले. गुळगुळीत फरशी, कुंड्या, कोचावर पेपर वाचणारा एक माणूस तोंड उघडं टाकून बघत राहिला (वरचे समोरचे दोन दात खोटे, वाईट बसवलेत). लांब बोळ, दोन्हीकडे बंद दारं. ओरडले, "कुठवर?" त्या बोळात, दोन हातांवर, "मागेच!" आणि माझ्या मागे रखवालदार मोठ्याने देवाचं नाव घेऊन भिंतीला चिकटला ते मला ऐकू आलं. त्याने काय बघितलं, मी विचारलं नाही. कधी विचारणारही नाही.

स्वयंपाकघर, कढया, वाफ. "बाजूला!" म्हणत मागचं दार गाठलं. गाड्यांच्या मधून पळाले. एकीचा आरसा मोडला बहुतेक. भिंतीपाशी मात्र अडकले. चढता येईना, पाय सटकायला लागले, कोपर सोललं. आणि पलीकडे सगळं पांढरं, कुठे उडी मारायची तेच कळेना. तेवढ्यात भोंगा वाजला. आईच्या फुफ्फुसात दम केवढासा, पण तिने असा ओढून लांब वाजवला की बाबाच वाजवताहेत वाटलं. तो आवाज धरला आणि उडी टाकली. मागे काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. उभी राहिले. नियम तोच ना, उत्तर नाही आलं तर थांबायचं, वळायचं नाही, परत विचारायचं. मग म्हटलं, "कुठवर रे?"

भिंतीवरून धप्पकन काहीतरी पडलं. "मागेच," तू म्हणालास. आणि दम लागून हसलास. ते हसणं तुझं आहे, मला शंभरात ओळखू येईल.

पत्र्याच्या फटीतून घुसले, आपला जिना. लाकडी कठडा, तिसरी पायरी तशीच करकरते. माझ्या पायाखाली करकरली, आणि थोड्या वेळाने परत करकरली. मी घरात शिरले आणि बघ कशी सवय असते, मागे दार लोटून दिलं! खटकन लागलं ते. लागल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय केलं. दाराकडे पाठ करून तशीच उभी राहिले. आई खिडकीपाशी भोंगा धरून.

मग कुलपात किल्ली फिरली. थोडी अडकली, तू नेहमी करायचास तसं दार वर उचललं गेलं, आणि लागली.

आई माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. तिचा चेहरा मी बघितला, शेपट्या, तेवढाच बघितला. तिने भोंगा खाली ठेवला आणि म्हणाली, "आलास? अरे, किती वाळलास रे!"

मी मान न वळवता सरळ इथे स्वयंपाकघरात आले. बाहेरच्या खोलीत ती बोलतेय. मधे मधे थांबते, ऐकते आणि परत बोलते. तुझा आवाज इथवर येत नाही, पण तू घरात नेहमीच हळू बोलायचास. आता बोचकी बांधल्याचा आवाज येतोय. आई स्वतः बांधतेय आणि सोडत नाहीये.

उद्या सकाळी मशीन येण्याआधी आपण निघू. वाट नवी आहे, उजवीकडची. काळजी करू नकोस, मी पुढे असेन आणि प्रत्येक वळणावर विचारेन. लिफ्टचं दार आई धरून ठेवेल, तू चढेपर्यंत.

ती हाक मारतेय. पानं वाढलीत म्हणते. "तुमची दोघांची."

हे पत्र घेऊन बाहेर येते आणि तुझ्या जागेसमोर ठेवते. माझी मान खालीच असेल. सात वर्षांत मी तुला कधी हाक मारली नाही, आता रोज मारीन, पण बघायचा धीर माझ्याकडे नाही. या एका वेळी तू इंजिन हो. तूच पुढे ये.

— तुझी ताई